अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर चार ओळी मराठीत लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये कुणाच्या पोटात जळजळ झाली की पहिलं खापर मिसळीवर फुटतं. आमच्याकडेही तेच झालं. माझे मिस्टर सातपूरला कारखान्यात आहेत. ‘पित्त आहे, तर्री कमी करा’ एवढ्यावर आम्ही तीन-चार वर्षं काढली. सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणं तर दात घासण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. गेल्या वर्षी शेवटी दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा अल्सर निघाला आणि सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू.

अल्सर जंतूमुळे होतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हा जंतू शोधला. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि पोटाला सूज आणवून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. इतकी वर्षं झाली, तरी आपण अजून तर्रीलाच दोष देत बसलो आहोत.

पण मी लिहायला बसले ते उपचाराबद्दल. दोन अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, १४ दिवस. चिठ्ठी हातात पडली आणि आम्ही बाहेर आलो. तिसऱ्या दिवशी यांच्या तोंडाला धातूची चव आली, चहासुद्धा गंजक्या डब्यातला वाटायला लागला. पाचव्या दिवशी जुलाब. कामावर मशीन सोडून चार-चार वेळा जावं लागलं तेव्हा सहाव्या दिवशी यांनी गोळ्या बंद केल्या. चिठ्ठीवर प्रोबायोटिकही (पोटाला उपकारक जंतूंचं औषध) होतं, पण दुकानदाराने ‘ही ताकदीची आहे’ म्हणून पुडीत टाकलं आणि आम्ही ते अँटिबायोटिकसोबत एकाच घोटात देत होतो. दोन महिन्यांनी तपासणी केली, जंतू तसाच होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी औषधं बदलली, कारण अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू दाद देईलच असं नाही. त्यांनी मात्र आम्हाला समोर बसवून दहा मिनिटं समजावलं, आणि त्या दहा मिनिटांनीच आमचं काम झालं. अँटिबायोटिक पोटातल्या वाईट जंतूंबरोबर आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं, म्हणून जुलाब होतात. प्रोबायोटिक ते जुलाब कमी करायला मदत करतं, म्हणजे माणूस कोर्स पुरा करू शकतो. एकटं प्रोबायोटिक हा जंतू काढू शकत नाही, म्हणून कुणी ‘गोळ्या नको, नुसतं प्रोबायोटिक घ्या’ म्हटलं तर ऐकू नका. जिवाणूंचं प्रोबायोटिक असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर औषध त्यालाच मारून टाकतं. सॅकॅरोमायसिस बोलार्डी हे मात्र यीस्ट आहे, जिवाणूवरच्या औषधाने ते मरत नाही. आम्हाला तेच दिलं होतं. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे किंवा ज्यांना शिरेतून मोठी नळी लावली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये.

घरच्या दह्याचंही त्यांनी सांगितलं. सासूबाई रोज दुपारी ताक करतात. ताक चांगलंच, पण त्यात कोणते जिवाणू किती, याचं माप नाही, त्यामुळे ते औषधाची जागा घेत नाही. शिवाय आमच्या नव्या कोर्समध्ये टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक होतं. दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि गोळी अंगी लागत नाही. म्हणून ताक गोळीपासून लांबच्या वेळेला. ‘कोर्समधल्या बिस्मथ या औषधामुळे शौच काळं होईल, घाबरू नका, पण डांबरासारखं चिकट झालं, चक्कर आली तर लगेच या’ हेही त्यांनी आधीच सांगितलं. नाहीतर मी पहिल्याच सकाळी रिक्षा बोलावली असती.

मी दिनदर्शिकेच्या मागे चौकटी आखल्या: गोळीची वेळ, प्रोबायोटिकची वेळ, ताकाची वेळ. १४ दिवस एकही चौकट रिकामी राहिली नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, अ‍ॅसिडची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची तपासणी झाली. जंतू गेला होता. ही तपासणीही पहिल्या खेपेला कुणी सुचवली नव्हती, आम्हीच शंका आली म्हणून विचारलं होतं.

डॉक्टरांवर गर्दीचा किती ताण असतो ते मला दिसतं. मागणी एवढीच आहे की चिठ्ठीच्या तळाशी चार ओळी मराठीत छापलेल्या असाव्यात: काय त्रास होऊ शकतो, प्रोबायोटिक कधी घ्यायचं, गोळ्या परस्पर थांबवायच्या नाहीत, शेवटची तपासणी कधी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, तिथल्या मंडळींना असा मजकूर तयार करणं अवघड जाऊ नये. आणि दुकानदारांनी पुडी देताना ‘ताकदीची’ म्हणणं थांबवावं.

आमची ती चौकटींची पाटी पत्रासोबत जोडली आहे. डॉक्टरांकडून तपासून घेऊन छापता आली तर जरूर छापा.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक