बेडसोरच्या नोंदी शिकवणाऱ्या ट्यूटर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

सेवानिवृत्तीनंतरही नागपूरच्या भर मे महिन्यात, दुपारच्या ड्यूटी बदलाच्या वेळी आपण आमच्या वॉर्डात येऊन शय्याव्रणांच्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सततच्या दाबाने होणाऱ्या जखमांच्या (आमच्या बोलण्यातल्या बेडसोरच्या), नोंदी करायला शिकवलेत, त्याबद्दल सर्व परिचारिकांच्या वतीने मी आपली मनःपूर्वक आभारी आहे.

पूर्वी आमच्या कागदावर ‘बॅक केअर दिली’ एवढेच असे. निगा आम्ही खरोखरच राखत होतो. पण अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांच्या मुलाने ‘ही जखम घरून येतानाच होती की इथे झाली?’ असे विचारले, तेव्हा फाईलमध्ये उत्तर नव्हते, आणि दाखल करताना त्यांना कुशीवर वळवून पाहणारी मीच होते.

आपण कणकेच्या गोळ्यात जखमेसारखा खळगा करून आणलात आणि सहाजणींनी त्याची सहा मापे सांगितली, तो प्रसंग कोणी विसरलेले नाही. डोक्याकडून पायाकडे लांबी, तिला काटकोनात रुंदी, मग खोली, असे ठरवून मोजल्यावरच आमचे आकडे जुळले. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर पहिल्या श्रेणीची, म्हणजे कातडी अजून फाटलेली नसतानाची, लाली पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून आजूबाजूच्या त्वचेशी ऊब आणि कडकपणा हाताने ताडून तेही लिहायचे, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते.

भरत आलेल्या चौथ्या श्रेणीच्या, म्हणजे स्नायू-हाडापर्यंत खोल गेलेल्या, जखमेला ‘तिसरी’ म्हणायचे नाही, यावर मी आपल्याशी वाद घातला होता. गेलेला स्नायू परत येत नाही, पोकळी नव्या मांसांकुरांनी भरते, म्हणून ‘भरत असलेली चौथी’ असेच लिहायचे, हे आपण न रागावता दोनदा समजावलेत. शय्याव्रणाचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन मापनात 6 ते 23 गुण असतात आणि गुण कमी तितका धोका जास्त, हे आता नव्या मुलीही जाणतात. मात्र नुसती बेरीज न लिहिता गुण कशात कमी आहेत तेही पाहायचे, ही सवय आपली. रेक्झिनच्या गादीवर घामाने भिजलेली पाठ आता ‘ओलावा’ या रकान्यात उतरते आणि चादर लगेच बदलली जाते.

पुढच्या महिन्यात वॉर्डात चार नव्या सिस्टर रुजू होत आहेत. आपल्याला सवड असेल तर एक दुपार पुन्हा द्यावी. कणीक मी मळून आणीन.

आपली नम्र,
वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, नागपूर