पुण्याला जाण्याविषयी: आई-बाबांस पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई लगेच जेवलीस का म्हणून विचारते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. साइटवरची नोकरी मी सोडली असून पुण्याला बालेवाडीच्या निकमार संस्थेमध्ये बांधकाम प्रकल्प व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. शुल्काचा पहिला हप्ता भरून झाला आहे. त्यामुळे आता जायचे की नाही हा प्रश्न उरलेला नाही. माझ्यामागे तुमची व्यवस्था नीट कशी लागेल, एवढाच आहे.

बाबांचे म्हणणे मी मनावर घेतले नाही असे कृपया समजू नका. सिव्हिलची पदवी आहे, महिन्याला पगार येतो, मग या वयात पुन्हा बाकावर कशाला बसायचे, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर आमच्या साइट ऑफिसच्या भिंतीवर होते. तिथे कोणते काम कधी करायचे हे पट्ट्यांनी दाखवणारा बार चार्ट लावलेला असे. खाऱ्या दमट हवेने त्याच्या कडा वळल्या होत्या, आणि त्यातली मातीच्या भरावाची पट्टी मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत एकाच रंगात सलग ओढलेली होती. मृग बरसल्यावर आपल्याकडे भराव घालता येत नाही, कारण तांबड्या मातीत पाणी प्रमाणाबाहेर गेले की रोलर कितीही फिरवला तरी ती दबत नाही, नुसती चाकाला चिकटून वर येते. हे आपल्या वाडीतला कोणताही गडी सांगेल. पण आखणी कुठेतरी लांब बसून झालेली होती आणि ती निमूटपणे पार पाडणे एवढेच आमच्या वाट्याला होते. जूनमध्ये माणसे बसून राहिली, यंत्रांचे भाडे चढत गेले आणि जाब मात्र आम्हाला विचारला गेला. आयुष्यभर दुसऱ्याची आखणी निस्तरत बसण्यापेक्षा ती जिथे होते तिथे बसण्याची पात्रता मिळवावी, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आई, तुला वाटते की हे काही फार अवघड पुस्तकी शिक्षण असेल. पण त्यातली मुख्य विद्या तू दर वर्षी आगोटीच्या वेळी वापरतेस. रातांबे पिकल्याशिवाय आमसुले होत नाहीत आणि कडक ऊन सरले की ती वाळत नाहीत, म्हणून त्या दिवसांत तू बाकी सगळे बाजूला सारतेस. पापड चार दिवस पुढेमागे झाले तरी चालतात, हे तुला कागदावर मांडावे लागत नाही. ज्या कामांच्या साखळीला एक दिवसही उशीर चालत नाही तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात आणि पापडांना मिळते त्या सवलतीला ‘फ्लोट’. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने आपल्या रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी बसवली. पुलाच्या कामात अशा शेकडो बाबी एकमेकींत अडकलेल्या असतात, शिवाय कंत्राटाची कलमे, मुदतवाढीचे दावे, दर महिन्याला लागणारी रोकड आणि जमिनीचा ताबा हे सगळे त्याच हिशेबात बसवावे लागते. ते नुसत्या अनुभवाने येत नाही.

‘घरी बसून परीक्षा दे’ असे दादाने सुचवले, तेही मी तपासून पाहिले. प्रकल्प व्यवस्थापनाची पीएमपी नावाची परीक्षा आहे खरी. ती घरूनही देता येते. परंतु पदवीधरांकडून तिला ३५ तासांच्या प्रशिक्षणाबरोबर प्रकल्पाची सूत्रे सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव मागतात, आणि माझ्या हाती आजवर सूत्रे आलीच कुठे? ती परीक्षा मी पुढे देईन.

बाबा, तुम्ही स्वतःच सांगत आला आहात की कोकण रेल्वे होईल यावर गावात कुणाचा विश्वास नव्हता. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणणारे आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल उभारणारे इंजिनिअर थोर होतेच. पण मार्गाचे सात विभाग पाडून, प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमून, बाजारातून रोख्यांनी पैसा उभा करून सगळीकडे एकाच वेळी काम चालवणे, हे कॉर्पोरेशनचे प्रमुख श्रीधरन साहेब यांचे व्यवस्थापन होते. रेल्वेसाठी गेलेल्या आपल्या खालच्या काजूंच्या बदल्यात निदान गाडी तरी वेळेत आली, असे तुम्हीच म्हणता ना?

त्याच रुळांवरून ट्रक लादलेली मालगाडी जाताना, ट्रक दमले म्हणून गाडीत बसले, असे मी हट्टाने म्हणायचे आणि तुम्ही ते गंभीरपणे मान्य करायचा. परवा रत्नागिरीला तशीच गाडी पाहिली आणि तुमची फार आठवण आली. मी लांब चालले असले तरी तुमच्यापासून सुटून चाललेली नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पैशांची काळजी करू नका. साठवलेले आहेत, उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज मंजूर झाले आहे; वरची आंब्याची कलमे करारावर द्यायचा विचार बाबांनी पूर्णपणे सोडावा. वसतिगृहात खोली मिळेल, जेवण तिथेच, आणि स्वारगेटहून रात्री एसटीत बसले की सकाळी राजापूर. गणपतीला मी येणारच आहे.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरायच्या आत पंपाची दुरुस्ती होईल, मिस्त्रीला पैसे दिलेले आहेत. त्याने पुन्हा मागितले तर देऊ नका. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली आहे. आईने डोळ्यांचे थेंब चुकवायचे नाहीत आणि सिलिंडर संपला म्हणून ओल्या लाकडांची चूल फुंकत बसायचे नाही, दुसरा भरलेला मागच्या पडवीत आहे. बाबांनी माळ्यावर चढायचे नाही. कौले सरकवायला माणूस सांगून ठेवला आहे.

पुढच्या गुरुवारी रत्नागिरीला डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि गाडीही ठरवली आहे. बाबांनी उपाशीपोटी रक्त द्यावे, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर ‘मला काही होत नाही’ असे सांगू नये. गुडघ्याचे आईने सांगावे.

तुमची,
बाय