कप्तानाने बोट लांब थांबवली ते योग्यच

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या उत्तरेकडची बर्फाळ बेटं) बोटसफरीवरचा लेख वाचला. चौकटीतला पेंग्विन सोडला (तो दक्षिणेकडचा, उत्तर ध्रुवाकडे औषधालाही सापडत नाही) तर फोटो झकास. पण ‘बोट हिमनदीच्या जवळ नेलीच नाही, पैसे वसूल झाले नाहीत’ ही लेखकाची तक्रार काही पटली नाही.

गेल्या जुलैत मीही त्या सफरीला गेले होते. तिथल्या लाँगयरब्येन गावाहून निघालेली बोट बिलेफियॉर्ड या खाडीतून नॉर्डेनशोल्ड हिमनदीसमोर येऊन थांबली. समोरचा बर्फाचा कडा वरून मळकट, भेगांमध्ये मात्र निळाशार. पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यांतून फोडणीतल्या मोहरीसारखी बारीक तडतड सतत ऐकू येत होती. बर्फ वितळताना त्यात कोंडलेली जुनी हवा फुटून बाहेर पडते, तिचा हा आवाज. निळेपणाचं कारण दाब. दाबाखाली बुडबुडे बारीक होतात, प्रकाश खोल शिरतो, तांबडा रंग बर्फच शोषून घेतो आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो. जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आलाच, “भिया, थोडा और आगे लो ना!” आपली इंदूरची मंडळी, दुसरं कोण! कप्तानाने हसून मान हलवली आणि बोट तसूभरही पुढे नेली नाही.

त्याचं बरोबर होतं. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीचा कडा कधी कोसळेल याचा नेम नसतो. 2007 च्या ऑगस्टमध्ये स्वालबार्डच्याच हॉर्नब्रेन हिमनदीपुढे एक पर्यटक जहाज फार जवळ गेलं, वरून बर्फ कोसळला आणि डझनाहून अधिक प्रवासी जखमी झाले. अस्वलांचंही तेच. 2025 पासून तिथे ध्रुवीय अस्वलापासून 300 मीटर लांब राहावं लागतं आणि मार्च ते जून 500 मीटर. आम्हाला दिसलं ते दुर्बिणीतून, पिवळट ठिपक्याएवढं. प्राणी जवळूनच बघायचे असतील तर आपलं इंदूरचं नवलख्याचं प्राणिसंग्रहालय काय वाईट आहे?

माझा राग आहे तो इथून बुकिंग करणाऱ्या कंपनीवर. जेवणात जैन पदार्थ मिळतील हे तिने चारदा सांगितलं, या नियमांबद्दल चकार शब्द नाही. दुर्बीण आणा एवढं तरी सांगायचं! निम्मे लोक मोबाइल ताणून ताणून ठिपका मोठा करत बसले होते.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. याच द्वीपसमूहावर, न्यू-ऑलेसुंडला, 2008 पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. शेजारच्या काँग्सफियॉर्डमध्ये 2014 साली आपल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारी उपकरणं सोडली. हे केंद्र चालवणारी मुख्य संस्था गोव्यात आहे, तेव्हा माहिती मिळवणं आपल्याला अवघड नाही. पुढच्या पुरवणीत त्यावर अर्धं पान द्यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर