मधल्या भिंतीवरचे पाणी

सोलापूर,
आश्विन शुद्ध द्वादशी

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गणपतीच्या आधी आले आणि उत्तर मी दसरा उलटून गेल्यावर लिहितो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. गेले काही आठवडे माझे सारे लक्ष घराच्या छताकडे होते आणि त्याविषयी तुझ्याशीच बोलायचे आहे, कारण हा स्लॅब तुझ्याही हातांखालून गेला आहे.

१९८४ साली वडिलांनी जुने मातीचे माळवद उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा आपण सहावीत होतो. गवंड्याने स्लॅबवर मसाल्याचे वरंबे घालून आळी केली होती आणि त्यांतले पाणी आटू न देण्याचे काम वडिलांनी आपल्या दोघांवर सोपवले होते. शाळेतून आल्यावर आपण आडातून पाणी शेंदून बादल्या वर चढवायचो. त्याआधी दरवर्षी मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती चोपावी लागे. स्लॅब झाल्यापासून ती यातायात संपली आणि चाळीस वर्षांत त्या छतातून एक थेंबही खाली आला नाही.

यंदा एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवर पत्र्याची खोली उभी केली. खोली बांधायला माझी हरकत नव्हती, मुलाचे लग्न ठरले आहे आणि त्यांना जागा हवीच होती. पण काम ज्याला दिले, त्याने पत्र्याचा सगळा उतार आमच्या बाजूला काढला. रस्त्याकडे उतार द्यायचा तर पुढची भिंत उतरवून मागची वाढवावी लागली असती, ते वाचवले. तिरपे लोखंडी अँगल टेकवण्यासाठी मधल्या कठड्याला छिन्नीने पाच भोके पाडली, त्यांत अँगल घुसवून वरून कोरडा मसाला लिंपला आणि पत्र्याची टोके वीतभर आमच्या गच्चीवर येऊ दिली. पन्हळ लावलीच नाही. मी त्या आठवड्यात मुलीकडे लातूरला होतो. परत आलो तेव्हा काम आटोपले होते, आणि वर जाऊन नीट पाहिले नाही, ही माझीही चूक झाली.

तुला ठाऊकच आहे की आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरचा. जून-जुलैमध्ये चार सरी आल्या तेवढ्याने काही कळले नाही. हस्ताच्या पावसात मात्र एका रात्री मागच्या खोलीत टप टप आवाज येऊ लागला. दिवा लावून पाहिले, तर कठड्याखालच्या कोपऱ्यातून थेंब गळत होते आणि ते थेट आईच्या ट्रंकेवर पडत होते. ट्रंकेच्या झाकणाला मागच्या बाजूने फट आहे. आत वडिलांनी स्वतः मागावर विणलेल्या चार चादरी होत्या. वरची मयूरपंखी नक्षीची चादर उचलली, तेव्हा तिच्या घडीवर तांबूस डाग पडलेला होता, तळहाताएवढा, कडेला गडद आणि मध्ये फिका. तो गंजाचा डाग आहे; दोनदा धुऊनही निघालेला नाही. पाण्यात गंज उतरला म्हणजे ते स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचले, हे मला त्याच क्षणी कळले आणि मन फार खचले.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या मुलाला हे सांगितले, तर तो म्हणाला, ‘काका, तुमचा स्लॅब जुना झालाय, त्याचीच गळती असेल.’ तो उद्धटपणे बोलला नाही, त्याला खरोखरच तसे वाटत होते. म्हणून वाद न घालता मी एक प्रयोग केला. चार दिवसांची उघडीप मिळाल्यावर बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली आणि ते पाणी त्याच्याच हातून, त्याच्याच पत्र्यावर, तिसऱ्या अँगलच्या वरच्या बाजूला हळूहळू ओतायला लावले. आमच्या स्लॅबवर त्या दिवशी साधे पाणीही टाकले नाही. मग आम्ही दोघे खाली मागच्या खोलीत येऊन बसलो. अर्ध्या तासाने कोपऱ्यातल्या पोपड्याच्या कडेला निळी रेघ उमटली. तो काही बोलला नाही, खुर्चीवर चढला आणि त्या रेघेला बोट लावून बोटाकडे पाहत राहिला.

पुन्हा वर जाऊन आम्ही एकेक भोक पाहिले. अँगलच्या भोवतीचा मसाला सगळीकडे सुटला होता. दोन ठिकाणी फटीत माझे नख जात होते. वीस फुटी लोखंडी अँगलच्या स्वतःच्या तापमानात पहाटे आणि भर दुपारी यांत चाळीस अंशांचा फरक पडला, तर तो सुमारे तीन मिलिमीटर लांबतो. सोलापूरच्या मे महिन्यात हे रोज घडते, आणि कोरडा मसाला ते कसे सोसणार? शिवाय छिन्नीच्या ठोक्यांनी कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यावरचा जुना वाटा, म्हणजे पाणी अडवणारी मसाल्याची गोलसर पट्टी, उकलला आहे. पत्र्यावरून पडणारी धार नेमकी त्याच रेषेवर आपटते. हूक पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे सोडून खोलगट भागात मारले आहेत आणि निम्म्या हुकांना रबरी वायसर नाहीत. आमच्या सळ्यांपर्यंत पाणी पोहोचले आहे. गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते, हे तुला मी काय सांगावे.

ज्याने हे काम केले त्याने पैसे पुरते घेतले आणि आता तो फोन उचलत नाही. काकू मला म्हणाल्या, ‘तुमच्या छताचे पैसे आम्ही देतो.’ मी घेतले नाहीत. वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमची चूल काकूंनी पेटू दिली नाही, भाकरी आणि शेंगाचटणी मधल्या दारातून येत होती, हे मी विसरू शकत नाही. परंतु नकाराचे कारण तेवढेच नाही. आमच्या बाजूने कितीही डांबर फासले, तरी पाणी जिथून शिरते ती जागा त्यांच्या पत्र्याखाली आहे, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय माझ्या छताला हात लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. शेजाऱ्याच्या जागेत आपल्या छपराचे पाणी सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. पण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे ते वीस वर्षे अखंडपणे आणि हक्क म्हणून पडत राहिले, तर तसा अधिकार निर्माण होऊ शकतो. काकूंच्या मनात असे काही नाही, याची मला खात्री आहे. उद्या दोन्ही घरांत आपली मुले असतील, त्यांच्यात भांडण राहू नये म्हणून मी सगळे लिहून काढले. पत्र्याची टोके मागे घ्यायची, त्यांच्या हद्दीत पन्हळ बसवून पाणी रस्त्याच्या बाजूला उतरवायचे, अँगल कठड्यातून काढून त्यांच्याच गच्चीवरच्या खांबांवर घ्यायचे आणि कठड्यात खाच पाडून त्यात पत्र्याची पट्टी बसवायची, असे त्यात आहे. काकूंच्या मुलाने सही केली आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली. याचा खर्च त्यांचा; आमच्या सांध्यावरचा वाटा आणि स्लॅबवरचा कोबा, म्हणजे वरचा मसाल्याचा थर, मी माझ्या पैशाने करणार आहे, कारण चाळीस वर्षांनी तो तसाही करायचाच होता.

तुझ्याकडून मला एवढेच हवे आहे. कोजागिरीनंतर काम सुरू होईल आणि दिवाळीला तू येशील तोवर अँगल निघालेले असतील, पण कोबा झालेला नसेल. तो मी तुझ्यासाठी थांबवून ठेवतो. तू एकदा हातोडीने स्लॅब ठोकून पाहा, पोकळ आवाज कुठवर येतो ते खडूने आखून दे, आणि सळ्या उघड्या करून घासायच्या की त्या जागी नव्या जोडायच्या, हे सांग. गावातले दोन गवंडी दोन वेगळी मते देतात, आणि या छताच्या बाबतीत मी तुझ्याशिवाय कोणाच्या शब्दावर निर्णय घेऊ इच्छित नाही. कोबा झाल्यावर तीन दिवस पाणी साठवून पाहावे लागेल. आड आता बुजवला आहे, तेव्हा पाणी नळाचेच घ्यावे लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. येण्याचा दिवस कळव, म्हणजे गवंड्याला त्याप्रमाणे सांगतो.

तुझा,
दत्ता