दोघांना एकच डाएट चार्ट? आमच्याकडे फसला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत नवरा-बायकोने मिळून एकच डाएट करावं, म्हणजे उत्साह टिकतो असं आलंय. ते वाचून हसू पण आलं आणि ओशाळायला पण झालं, कारण हा प्रयोग आम्ही करून बसलोय आणि त्यात गाढवपणा माझा होता.

मागच्या वर्षी आम्ही एकच ॲप घेतलं, चार्ट एकच, कॅलरीज दोघांना सारख्याच, चालायला पण सोबत. फ्रिजवर कागद चिकटवला, दर रविवारी वजन लिहायचं. दोन महिन्यांत माझं सहा किलो उतरलं आणि हिचं दीड. मग काय, मी घरातला एक्सपर्ट झालो, तू मधेमधे काहीतरी तोंडात टाकत असशील, मनावर घेत नाहीस वगैरे सुरू. एका रविवारी तिने काही न बोलता स्वतःच्या रकान्यावर पेनाने फुली मारली, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पुढे जिना चढताना तिला धाप लागायला लागली, टेस्ट केली तर हिमोग्लोबिन ९.२ (बायकांचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात).

डॉक्टर बाईंनी मग माझीच शाळा घेतली. पुरुषाचं शरीर मोठं, त्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे स्नायू जास्त, त्यामुळे नुसतं बसून पण त्याची जास्त एनर्जी खर्च होते. म्हणजे तेवढ्याच कॅलरीजमध्ये माझी तूट मोठी आणि तिची अगदी थोडी, यात माझी जिद्द कुठे आली! शिवाय आम्हा पुरुषांची चरबी पोटात जास्त साठते, ती उतरते पण लवकर, पण हार्टला जास्त धोका त्या पोटातल्या चरबीचाच. आणि लोह, जे मला माहीतच नव्हतं, पाळी चालू असलेल्या बाईला अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे रोज १८ मिलिग्रॅम लागतं आणि पुरुषाला फक्त ८, पाळी गेली की दोघांचं सारखं. आम्ही ताटातलं कमी केलं तेव्हा लोह पण कमी झालं, मला चाललं, तिला नाही चाललं.

व्यायामाचं उलटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दोघांना सारखाच, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. तरी २०२२ च्या त्यांच्या आकड्यांत पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ३४ टक्के आणि पुरुष २९ टक्के. आळस म्हणून सोडून देऊ नका, मी बूट घातले की निघालो, ती निघताना गॅस बंद केला का बघते, मुलाची वही बघते, फोन घेते, तिच्या चाळीस मिनिटांची वीस होतात. घरकामात हालचाल होते हे खरं, पण ताकदीचा व्यायाम त्यात फारसा होत नाही.

आणि वजनं उचलली की बाई पुरुषासारखी दिसायला लागते ही भीती कुणी घातली कोण जाणे, तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं त्यांच्यात. उलट पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होऊन हाडं झपाट्याने झिजतात, म्हणजे वजनं त्यांनाच जास्त गरजेची. 'बायकांना झेपत नाही' हे जुनंच आहे म्हणा, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली आणि त्यानंतर बंद केली ती थेट १९६० ला परत आली, बायकांची मॅरेथॉन तर पहिल्यांदाच १९८४ ला झाली. आम्ही पुरुष मात्र छाती आणि दंड सोडून काही करत नाही, पायांचा दिवस आला की जिममधून गायब, वर प्रोटीन पावडरचा डबा.

तेव्हा पुढच्या वेळी चार्ट छापाल तर दोन छापा आणि बायकांच्या चार्टमध्ये लोह आणि डंबेल्स दोन्ही येऊ द्या.

फ्रिजवर कागद अजून आहे, पण वजनाचा रकाना काढून टाकलाय. ती डंबेल किती किलोचं उचललं ते लिहिते, परवा ८ लिहिलंय. माझा स्ट्रेचिंगचा रकाना तीन आठवडे कोराच आहे.

आपला,
एक नेहमीचा वाचक
(नाव छापू नका, बायको तुमचा पेपर माझ्याआधी वाचते)