एकच काहीतरी धर म्हणालात, त्यावर

प्रिय आई, आप्पा,

नमस्कार. परवा फोनवर आप्पा म्हणाले ना की एक तर बँड नाहीतर तुझी स्वतःची गाणी, एकच काहीतरी धर, तेव्हा मी बर्लिनच्या मेट्रोत होते, पाठीवर बेस गिटार आणि गर्दी इतकी की नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे लिहितेय, जरा मोठं होणारे, निवांत वाचा.

आधी पैशाचं सांगते कारण खरं टेन्शन तेच आहे तुम्हाला. एक बँड लग्नं आणि कंपन्यांच्या पार्ट्या करतो, सगळी दुसऱ्यांची गाणी, फी ठरलेली, माझं घरभाडं त्यातूनच जातं. दुसरा आमचा चौघांचा, गाणी आमची, जे मिळेल ते चौघांत सारखं वाटायचं, शब्द कुणी लिहिले चाल कुणी दिली हे मोजायचं नाही असं आम्ही पहिल्यापासून लिहूनच ठेवलंय. आणि तिसरं माझं एकटीचं, गिटार आणि मराठी गाणी. इथे गेमा नावाची संस्था आहे, कार्यक्रमात गाणी वाजली की आयोजक तिला पैसे भरतो आणि त्यातला वाटा गाणं लिहिणाऱ्याला जातो. म्हणजे कंपनीच्या पार्टीत मी रात्रभर बोटं झिजवली तरी त्या गाण्यांची रॉयल्टी मूळ लिहिणाऱ्यांची, मला त्या रात्रीची फी तेवढी. आपल्याकडे आयपीआरएस हेच काम करते, आणि 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदलल्यापासून गीतकार-संगीतकाराचा हा वाटा कुणी करारात लिहून काढून घेऊ शकत नाही, हे आपल्या पोरांनापण माहीत पाहिजे खरं तर. स्पॉटिफायचं विचाराल तर तिथे 2024 पासून वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं तरच त्या गाण्याचे पैसे सुरू होतात, माझी काही गाणी तिथपर्यंत जातात काही नाही जात. आणि आई, दवाखान्याची काळजी करू नकोस, इथे कलाकारांसाठी 1983 पासून सरकारी योजना आहे, आरोग्य विमा आणि पेन्शनचा साधारण अर्धा हप्ता ती भरते, अर्धा मी.

पण आप्पा, उद्या पैसे भरपूर मिळाले तरी मी यातलं एक सोडणार नाही.

काकांनी कापड विणायच्या मागाचं रेकॉर्डिंग पाठवलेलं बघा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यातलं. मी ते इथे लावून बसायचे. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला की एक ठोका, लगेच फणी आपटते तो दुसरा जाड आवाज, परत धोटा उलटा. त्यावर मी एकटीने गाणं लिहिलं, रात्रपाळीचं, कांड्या भरणाऱ्या आजीचं, आणि हळू लयीत म्हणायचे, गिटारच्या लाकडावर अंगठ्याने ठोका देत. मग सहज आमच्या ड्रमरला रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याला सोलापूर कुठे माहितीये, पण त्याने धोट्याचा आवाज काठीने ड्रमच्या कडेवर घेतला, फणीचा खालच्या मोठ्या ड्रमवर, आणि मला म्हणाला तू फक्त फणीबरोबर वाजव, मधे काही वाजवू नकोस. अंगावर काटा आला! लोक नाचतात त्यावर, शब्द जवळपास नाहीतच. आणि तेव्हापासून मी एकटी गातानाही मधल्या जागा मोकळ्या सोडायला लागले, आधी सगळीकडे कॉर्ड भरून टाकायचे. हे मला खोलीत एकटं बसून जन्मात सुचलं नसतं.

उलटपण खरंय. आजीच्या त्या दोन ओळी चौघांच्या आवाजात ऐकूच येत नाहीत, त्यांना शांतताच लागते.

त्रास आहे, नाही असं नाही. उन्हाळ्यातले सगळे शनिवार लग्नात जातात, म्हणून माझे एकटीचे कार्यक्रम आठवड्याच्या मधल्या वारी, छोट्या कॅफेत. ड्रमच्या वर आवाज काढून मागे गायलं की दुसऱ्या दिवशी गळा बसतो, मग रेकॉर्डिंग ठेवता येत नाही, तारखा तसं बघूनच घ्याव्या लागतात. सकाळ मात्र माझी, फोन बंद, लिहायचं. शब्द आधी आले तर गाणं माझं, बेसची ओळ आधी सुचली तर बँडला न्यायची, एवढं साधं ठेवलंय.

आणि तुम्हीच सांगा आप्पा, एकादशीला भजनात तुम्ही पखवाजावर मागे बसता, गाणारा दुसराच असतो, आणि पहाटे देवघरात एकटेच अभंग म्हणता तेव्हा पखवाज भिंतीला. तुम्हाला कुणी म्हणालं का कधी, यातलं एकच धरा म्हणून?

जानेवारीत इथे लग्नं फारशी नसतात, दोन्ही बँडना सुट्टी, त्यामुळे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, गड्ड्याला मी येणार की, अक्षता सोहळ्याच्या आधीच पोचते. दादाला सांगा सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन आत्ताच कर, लोअर बर्थ बघ, गिटार खाली ठेवायचीये. आणि काकांना विचारून ठेवा, एक रात्रपाळी मला कारखान्यात बसू देतील का, चांगला माइक आणतेय.

तुमची,
मनू