'कांद्यावर बोला' असं ओरडायची वेळ का येते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची प्रचारसभा झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एक तरुण उठला आणि ओरडला, 'कांद्यावर बोला!' 'भारतमाता की जय'च्या घोषणा झाल्या आणि भाषण पुढे गेलं. भर सभेत मध्येच उठणं बरं नव्हे, हे मान्य. पण त्याने विचारायचं तरी कुठे?

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. लाल कांदा आम्ही मिळेल त्या भावाने दिला. मग एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि जिल्हाभर संताप उसळला. लगेच केंद्राचं प्रसिद्धिपत्रक आलं: सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. यातली नवी परवानगी किती आणि आधीच दिलेल्यांची बेरीज किती? लासलगावच्या कुठल्याही बातमीदाराने पहिल्याच फटक्यात हेच विचारलं असतं. कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

२०१४ पासून पंतप्रधानांनी देशात एकदाही पत्रकारांचे खुले प्रश्न घेणारी पत्रकार परिषद घेतलेली नाही. १७ मे २०१९ रोजी ते पक्षाच्या मुख्यालयात पत्रकारांसमोर बसले, पण प्रश्नांची उत्तरं अमित शहांनी दिली. मुलाखती भरपूर होतात, असं समर्थक म्हणतात. मुलाखत कोणाला द्यायची हे नेताच ठरवतो. तालुक्याच्या वार्ताहराचा नंबर तिथे कधीच लागत नाही. आपण संसदेला उत्तरदायी आहोत, असं पंतप्रधान म्हणाले होते. त्याच संसदेत २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला आणि कोविडचं कारण सांगून पत्रकारांच्या प्रवेशावर आलेले निर्बंध नंतरही रेंगाळले. जुलै २०२४ मध्ये तर संसदेच्या आवारात पत्रकारांना काचेच्या खोलीत थांबवलं गेलं.

मनमोहनसिंग यांना आम्ही मौनी म्हणून हिणवलं. त्यांनी ३ जानेवारी २०१४ रोजी, घोटाळ्यांच्या आरोपांनी सरकार घेरलेलं असताना, पत्रकारांचे प्रश्न तासाभराहून जास्त वेळ अंगावर घेतले. परदेश दौऱ्यावरून परतताना विमानातही ते पत्रकारांशी बोलत. त्यांची सगळी उत्तरं पटली असं नाही, पण विचारायची सोय होती.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना महत्त्वाचं बोलणं फेसबुक लाइव्हवरून करायचे. राजीनामाही तिथूनच जाहीर झाला. तेही एकतर्फीच. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी पत्रकारांना सामोरं जायची आपल्याकडची पद्धत म्हणूनच मला मोलाची वाटते. चहापानावर विरोधक बहिष्कार टाकतात ते टाकोत, पण त्या परिषदेत प्रश्न विचारले जातात, दुसरा बातमीदार पहिल्याचा धागा पकडतो आणि मंत्र्याला अडचणीचं उत्तर द्यावंच लागतं.

आपल्या दैनिकाकडे एक मागणं आहे. कोणत्याही पक्षाचा मोठा नेता जिल्ह्यात येऊन गेला, की गर्दीच्या आकड्याबरोबर आणखी एक ओळ छापा: त्यांनी पत्रकारांचे प्रश्न घेतले की नाही, आणि घेतले नसतील तर आपला वार्ताहर काय विचारणार होता.

— एक कांदा उत्पादक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक